मागाने नाकारलेली कोयरी

बुधवारी सकाळी आमच्या मागाने अम्माची कोयरी विणायला चक्क नकार दिला.

आमचा माग बोलतो. २०४१ सालात सोलापुरातले बरेच माग बोलतात, त्यात विशेष काही नाही. पण आमचा जरा शिष्ट आहे. "ओळ एकशे बारा. एकोणीस घरं सुटी. विणता येणार नाही," एवढं सांगून तो थांबला. उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून मी, हारिका येमूल, इयत्ता सहावी, मागाच्या खोलीतच उभी होते. अम्माचा चेहरा असा पडला की मला मागाचाच राग आला.

कारण ही कोयरी साधी नव्हती. माझी आई, म्हणजे अम्मा, विणकर संस्थेसाठी चादरींच्या नक्ष्या काढते. वीस वर्षं ती लॅपटॉपवर काम करत होती. माउस ढकलत एकेक चौकोन भरायचा, की झाली नक्षी. खरं सांगायचं तर तिच्या लॅपटॉपवरच्या कोयऱ्या वांग्यांसारख्या दिसायच्या. मग महिन्यापूर्वी संस्थेने सगळ्या नक्षीकारांना एक मोठा टॅब्लेट आणि त्याचं पेन वापरून बघायला दिलं. आम्ही त्याला पाटीच म्हणतो, कारण आकार आणि जाडी तशीच. त्या दिवसापासून अम्मा हाताने चित्रं काढायला लागली, लहानपणी काढायची तशी. काम करताना गुणगुणायलाही लागली होती.

पण प्रत्येकाला एकच वस्तू मिळणार होती. पाटी हवी असेल तर लॅपटॉप परत करायचा, आणि लॅपटॉप हवा असेल तर पाटी. शनिवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं.

"दे परत पाटी," अम्मा स्वतःलाच म्हणाली. "हा पोरखेळ आहे. कामाचं नाही."

मी शेजारच्या गल्लीत तातांना बोलवायला धावले. आमच्या घरी तेलुगू बोलतात, आणि तेलुगूत आजोबांना ताता म्हणतात. तातांनी तीस वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं बनवली. अजूनही त्यांच्या खिशात रुमालाऐवजी पेचकस (स्क्रूड्रायव्हर) असतो.

ते आले, पाटीवरची कोयरी बघितली आणि म्हणाले, "झकास आहे की. मग माग का रुसलाय?"

"तेच तर कळंना," मी म्हणाले. "पाटीवर रेष बरोबर आहे. मग मागावर चूक कशी होते?"

"आधी मला सांग, पाटीला कसं कळतं पेन कुठं आहे ते?"

मी म्हणाले, काचेला स्पर्श कळत असेल. तातांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पेन काचेच्या किंचित वर, न टेकवता धरलं, तरी पडद्यावर ठिपका सरकत होता.

मग त्यांनी आम्हाला कामाला लावलं. मला खोलीच्या एका टोकाला उभं केलं, अम्माला दुसऱ्या. दोघींनी डोळे मिटायचे. ताता मधे कुठेतरी उभं राहून वाटीवर हळूच चमचा वाजवणार, आणि आवाज किती मोठा वाटला ते आम्ही दहापैकी आकड्यात सांगायचं. अम्मा नको नको म्हणत होती, पण उभी राहिली. मी म्हणाले आठ, अम्मा म्हणाली तीन.

"म्हणजे मी हारिकाच्या जवळ आहे," ताता म्हणाले. "तुम्ही दोघीच आहात, पण तुमच्या आकड्यांवरनं मधली कुठलीही जागा काढता येती. या काचेखाली बारीक तारांची जाळी (उभ्या-आडव्या तारांचं विणकाम) आहे. पेनातनं अगदी क्षीण विद्युतचुंबकीय लहरी (विजेच्या बदलत्या प्रवाहातून निघणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी) निघतात. जवळच्या तारांना त्या जोरात जाणवतात, लांबच्यांना कमी. त्यावरनं पाटी पेनाची जागा काढती. सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा."

"आणि दाबलं की रेष जाड होते, ते?"

"टोक किती आत गेलं तेही मोजतंय. पेन किती कललंय तेही. म्हणजे पेन तुला सारखं सांगत असतं, किती, किती, किती. आता लॅपटॉपची कळ (कीबोर्डवरचं बटण) काय सांगती?"

मी विचार केला. कळ हळू दाबली काय, जोरात दाबली काय, 'क' तो 'क'च उमटतो. "ती फक्त हो किंवा नाही सांगते," मी म्हणाले.

ताता खूश झाले. पेनाची माहिती उतारासारखी, ते म्हणाले, उतारावर कुठेही उभं राहता येतं. कळेची माहिती पायऱ्यांसारखी. एक पायरी नाहीतर दुसरी, मधे पाय ठेवायला जागाच नाही. पहिल्या प्रकाराला सलग माहिती म्हणू आणि दुसऱ्याला टप्प्यांची.

"पण ताता, पाटी दोनशे वेळा मोजते म्हणजे त्याही पायऱ्याच झाल्या की."

"झाल्याच. पण इतक्या बारीक की तुझ्या अम्माच्या हाताला त्या जाणवत नाहीत." ताता मागाकडे वळले. "आता हा धागा बघ. माग त्याला काय करू शकतो?"

मागावर जकार्ड (नक्षीप्रमाणे धागे उचलणारी यंत्रणा) असतं, ते मी जन्मापासून बघत आलेय. धागा एकतर वर उचलला जातो, नाहीतर खाली राहतो. अर्धा उचललेला धागा मी कधी बघितलेला नाही.

आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. अम्माने काढला होता उतार, मागाला हव्या होत्या पायऱ्या. पाटीवरची गोल रेष शेवटी चौकोनांमध्येच बदलावी लागते. आम्ही त्या चौकोनांना घरं म्हणतो. एका घरात रंगीत धागा वर, दुसऱ्यात खाली. एकाच ओळीत सलग खूप घरं रंगीत आली, तर तेवढं अंतर धागा कुठेही न बांधला जाता वरच्यावर लोंबतो. चादर अंगावर घेतली की बाळाच्या पैंजणात नाहीतर काकणात अडकून तो ओढला जातो. आमच्या चादरीत सात घरांपर्यंत चालतं, अम्माच्या कोयरीच्या पोटात एकोणीस आली होती.

"पण अम्मा, तुला हे माहीत असतं ना?" मी विचारलं.

अम्मा जरा ओशाळली. "पाटीवर घरं लपवायचं बटण आहे," ती म्हणाली. "वीस वर्षं नुसती घरंच बघितली गं मी. पहिल्यांदा कोरं पांढरं पान दिसलं, मग परत लावावीशीच वाटली नाहीत."

ताता हसले नाहीत, मीही हसले नाही. मला तिचं फार वाईट वाटलं.

लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम अशी सुटी घरं आपोआप मोजायचा. पाटीवर तो नव्हता, पण आपला नियम लिहून देता येत होता. मी पेनाने लिहायला बसले. नियम मोठा, अक्षर माझं. पाटीने तीनदा भलतंच वाचलं. मग पडद्यावरचा कीबोर्ड उघडला, तर त्याने अर्धी कोयरीच झाकून टाकली. नक्षी बघावी की नियम लिहावा, दोन्ही एकदम जमेना. ताता त्यांच्या घरी जाऊन त्यांचा जुना, खडखड वाजणारा कीबोर्ड घेऊन आले आणि तारेने पाटीला जोडला. मग मी भराभर टाइप केलं, "एका ओळीत सलग सातपेक्षा जास्त घरं रंगीत असतील, तर मधे धागा बांधणारा ठिपका घाल."

पाटीने पापणी लवायच्या आत त्रेचाळीस जागा शोधल्या. अम्माला त्या शोधायला दोन दिवस लागले असते. पाटीने ठिपकेही घातले, प्रत्येक आठव्या घरात, एकाखाली एक. कोयरीच्या पोटावर सरळ शिवण आल्यासारखी दिसायला लागली. माग म्हणाला, "विणता येईल." अम्मा म्हणाली, "विणता येईल, पण विकत कोण घेईल?"

तिने पेन उचललं. या वेळी घरं दिसत ठेवली. एकेक ठिपका तिने दोन घरं इकडे, एक घर तिकडे सरकवला, आणि बघता बघता त्या ठिपक्यांची पानाच्या शिरांसारखी जाळी झाली. एखादा ठिपका फार लांब गेला की माझा नियम लाल खूण करायचा, अम्मा तो मागे घ्यायची. ती परत गुणगुणत होती. आधीच्या गुळगुळीत कोयरीपेक्षा ही शिरांची कोयरी कितीतरी देखणी झाली.

"म्हणजे लॅपटॉपची जागा पाटी घेऊ शकते?" मी तातांना विचारलं.

"कुणाच्या कामात, ते आधी विचार," ताता म्हणाले. "दिवसभर पत्रं लिहिणाऱ्याला पेन कशाला पाहिजे? त्याला कळाच बऱ्या. तुझ्या अम्माला दोन्ही पाहिजे, उतारही आणि पायऱ्याही. पडदा मात्र एकच चालंल."

शनिवारी सकाळी माग चादर विणत होता, आणि पाटीवर संस्थेचा अर्ज आला. त्यात दोन चौकोन होते. एकावर लिहिलं होतं 'लॅपटॉप', दुसऱ्यावर 'टॅब्लेट'. एकातच खूण करायची होती. अम्मा बराच वेळ बघत बसली. मग तिने पेन घेतलं, त्या दोघांच्या खाली स्वतःच्या हाताने तिसरा चौकोन काढला, त्यात खूण केली आणि शेजारी लिहिलं, 'टॅब्लेट, सोबत कीबोर्ड आणि नियम तपासायची सोय'.

दहा मिनिटांत संस्थेचे सचिव गुंडेटी काका यांचा फोन आला. "अक्का, अर्जात तिसरा चौकोन कुठनं आला?"

"मी काढला," अम्मा म्हणाली.

मग काका म्हणाले, "बाकीच्यांना अर्ज अजून पाठवायचे आहेत. त्यांच्यातपण हा चौकोन घालू म्हणतो."