मिल्टनची पाळी

साल्तोला मी गेले ती निल्दाला घेऊन यायला. निल्दा माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून तिनं अन्न जवळजवळ टाकलंच होतं. मी मोन्तेविदेओत नर्स आहे, उगाच हळवी होणारी बाई नाही. तिचे कपडे भरायचे, दुकानाला कुलूप लावायचं आणि संध्याकाळच्या बसनं तिला माझ्या घरी न्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

"आजचा शनिवार तेवढा होऊ दे, मिर्ता," ती म्हणाली.

तिची मनगटं काडीसारखी झाली होती. पण शनिवार चुकवणं तिला कधीच जमलेलं नाही. त्या दुपारी तिच्या पुस्तकांच्या दुकानात नेहमीची गिऱ्हाइकं शेगडीभोवती जमतात. निल्दा तुंब्यात, म्हणजे पोखरून वाळवलेल्या भोपळ्यात, येर्बाचा, आमच्या कडवट चहाचा, पाला भरते, वर गरम पाणी ओतते आणि तुंबा एकेकाच्या हाती देते. तो ज्याच्या हातात, त्यानं नळीतून घोट घेत आपल्या आवडत्या पुस्तकाची शिफारस करायची, मग ती कादंबरी असो की इतिहास. बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. रिकामा तुंबा निल्दाकडे परत, पुन्हा पाणी, पुढचा माणूस. 'धन्यवाद' म्हणायचं ते पुरे झालं की. तोवर तुमची पाळी येतच राहते.

मिल्टन भावोजी ते न म्हणताच गेले. मार्चमध्ये, याच दुकानात, तुंबा हातात असताना. एका जुन्या वेढ्याचा जाडजूड इतिहास त्यांनी, बोट जिभेला लावून पान उलटत, कितीतरी शनिवार लावून धरला होता. "शिफारस करतोयस की पाठ म्हणून दाखवतोयस, लेका?" असं दार्दो मास्तर त्यांना चिडवायचे. त्या दिवशी "शेवटी किल्ल्याचा दरवाजा उघडला आणि..." इथवर ते आले, आणि त्यांची मान कलली.

मी निल्दाला न्यायला गेले तेव्हा थंडी मी म्हणत होती. दुकानात रॉकेलचा आणि ओल धरलेल्या कागदाचा वास होता. दार्दो मास्तर होते, शिंपीण एल्सिरा होती. निल्दाच्या शेजारची खुर्ची मोकळी होती. रीतीप्रमाणे पहिला तुंबा निल्दानं स्वतः संपवला. दुसरा भरला आणि हलकेच त्या मोकळ्या खुर्चीच्या हातावर ठेवला.

एल्सिरा आपल्या पायांकडे बघत होती.

मग नळी वाजली. तळाचं पाणी संपलं की वाजते तशी, लांब, खरखरीत... निल्दानं तुंबा उचलून उपडा केला. थेंबही पडला नाही. ती हसत होती, पण तिचे ओठ निळे पडले होते.

"हे... नेहमी होतं?" मी कुजबुजले.

"दर शनिवारी," मास्तर म्हणाले. "आणि दर शनिवारी ती थोडी थोडी... तू नर्स आहेस, तुला सांगायला नको."

"मग तुम्ही येता कशाला?"

"नाही आलो तर ती एकटीच बसेल ना गं, त्याच्याबरोबर."

मी निल्दाची नाडी पाहिली. लागता लागेना. भीती वाटण्याआधी मला संतापच आला. मेलेल्या माणसाची तहान माझ्या बहिणीनं का भागवायची? पुढच्या फेरीला तिनं खुर्चीसाठी तुंबा भरला, तो मी हिसकावून घेतला आणि सरळ त्या खुर्चीत जाऊन बसले.

"मिर्ता, ऊठ! तिथं नको!" मास्तर ओरडले.

"त्यांच्या वतीनं मी पिते आणि मीच म्हणते धन्यवाद. मिटवा एकदाचं!"

किटलीतून वाफ येत होती, पण माझ्या घशाखाली उतरलं ते बर्फासारखं गार पाणी. नळी वाजेपर्यंत ओढलं. मग धन्यवाद म्हणायला तोंड उघडलं.

"...आणि आत जाऊन पाहतात," मी म्हणाले, "तर टेबलावर जेवण मांडलेलं. गरम. जेवणारं मात्र कुणीच नाही."

आवाज माझाच होता. ते पुस्तक मी कधी उघडूनही पाहिलेलं नव्हतं. मला थांबायचं होतं, थांबता येत नव्हतं, आणि तुंबा माझ्या हातात असल्यामुळे कुणी मला अडवलंही नाही. एल्सिरा पदरात तोंड खुपसावं तशी शालीत तोंड लपवून रडत होती. निल्दानं खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तिचा हात हळूहळू ऊबदार होत गेला.

ती बस गेली, नंतरच्याही गेल्या. निल्दा आता चांगली जेवते, गालांवर रंग आलाय. मी आले होते ते त्यासाठीच, तेव्हा तक्रार तरी कोणत्या तोंडानं करू? दर शनिवारी मी त्या खुर्चीत बसते आणि तो इतिहास पुढे सरकतो. 'धन्यवाद' म्हणायला जाते तर जीभच वळत नाही. एकच आशा होती. पुस्तक संपलं की त्यांचं सांगणं संपेल, आणि मी सुटेन.

काल ते संपलं. शेवटचं वाक्य सांगून मी तुंबा परत केला. खूप दिवसांनी घसा मोकळा वाटला.

"निल्दा," मी म्हणाले, "अगं, मी मिर्ता... मला घरी जाऊ दे."

तिनं ऐकलं. नक्की ऐकलं, कारण क्षणभर तिचा चेहरा कोसळला. मग ती उठली, इतिहासाच्या कपाटाशी गेली आणि तीन जाडजूड खंड आणून तिनं माझ्या मांडीवर ठेवले.

"हे तुला आवडेल," ती लाडानं म्हणाली. "सावकाश वाच हं, मिल्टन."

मास्तरांनी मान खाली घातली. मी बोट जिभेला लावलं आणि पहिलं पान उलटलं. तशी सवय मला कधीच नव्हती.