टीव्हीवरच्या मुंग्या

"धम्या, वास येतोय का बघ!" साक्षी खालून दबक्या आवाजात म्हणाली.

तिचा चुलतभाऊ धम्मपाल मैत्रीण अपेक्षाच्या खांद्यावर उभा राहून पाणीघराच्या खिडकीतून डोकावत होता. "लाल दिवा लागलाय. पण वास न्हाई गं!"

"उतर आता! माझा खांदा हाय, पायरी न्हाई!" अपेक्षा कळवळली.

औंधजवळच्या त्या गावात वर्षभरापूर्वी पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं होतं. त्याला वीज मिळाली की लाल दिवा लागायचा, आणि त्यातला लोखंडी खोका साध्या विजेचा दाब दहा हजार व्होल्टपर्यंत वाढवायचा. त्या विजेनं काचेच्या नळ्यांत ओझोन वायू तयार व्हायचा आणि पाण्यातले जंतू मारायचा. तेव्हा वीज कडाडल्यावर येतो तसा वास सुटायचा. "आता पाणी उकळायला नको," हे साक्षीनंच शाळेत ऐकून आईला पटवलं होतं. आणि एप्रिलच्या सुरुवातीला, जुलाब-उलट्या होऊन, तिचा सहा वर्षांचा भाऊ मिलिंद गेला. आंबेडकर जयंतीला घालायचा त्याचा निळा सदरा अजून घडीतच होता.

आई तिला एका शब्दानं बोलली नाही. पण ती पुन्हा पाणी उकळू लागली. चुलीवरच्या त्या पातेल्याकडे बघायचंही साक्षी टाळायची.

"आनि यंत्र चालू असलं की पंचायतीच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या," अपेक्षा म्हणाली. "वर्ल्ड कपला मात्र चित्र कसं लख्ख!"

साक्षी जागच्या जागी थबकली. "म्हंजी खोका तवापासनं बंद?"

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून इंजिनिअर तपासणीला आले, तेव्हा सरपंच सोबत होते आणि साक्षी-धम्मपाल दाराशीच घुटमळत होते. दारातूनच लाल दिवा पाहून त्यांनी सहीसाठी पेन काढलं. यंत्र सांभाळणारे नानासोतात्या छाती फुगवून म्हणाले, "चोवीस तास चालू हाय, सायेब!"

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे अपेक्षा धापा टाकत आली. "तात्या, टीव्हीवर लय मुंग्या आल्यात!"

"खुळी का काय! खोक्याची वायर मीच काढलीय, मुंग्या येतीलच कशा?"

बोलून गेल्यावर तात्यांनी जीभ चावली! पण साहेबांचं पेन हवेतच राहिलं होतं.

सरपंच कृष्णातआबांनी मान खाली घातली. "आमीच म्हनलं व्हतं, मॅचपुरती काढ. परत जोडायचं ऱ्हाऊनच गेलं."

"शाब्बास पोरांनो!" पोरांचा डाव ओळखून इंजिनिअर ओशाळत म्हणाले. "मी तर सही करून निघालो असतो."

आबांनी साक्षीच्या डोक्यावर हात ठेवला. "लय हुशार हाईस, पोरी."

"आबा, मिलिंद पन त्या मॅच बघायला यायचा," साक्षी म्हणाली. "तुमच्याच मांडीवर बसायचा."

आबांनी हात मागे घेतला. 

वायर जोडली गेली. त्या संध्याकाळी टीव्हीवर मुंग्याच मुंग्या होत्या आणि कुणी ब्रसुद्धा काढला नाही.

साक्षीनं घरी येऊन सगळं सांगितलं. आईनं तिच्याकडे न बघता चुलीत एक लाकूड सारलं.

"आई, तुला माझाच राग आला व्हता न्हवं?"

"तुझा? न्हाई गं, बाय!" आईनं तिला कुशीत ओढलं. "आई असून मी उकळायचं का सोडलं, ह्योच घोर मला खात व्हता. तुझ्याकडं बघायचं धाडस हुईना."

मिलिंद गेल्यापासून दोघी वेगवेगळ्या कोपऱ्यांत रडल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.