डोंगर गप्प असताना

सकाळी नऊला जमीन हलली. खिडकीच्या काचा थरथरल्या, पण धोक्याचा भोंगा वाजला नाही. खालच्या किंचापांबा गावात नऊशे माणसं होती.

ज्वालामुखी केंद्रातला संगणक गोठला होता. तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा.

दुपारी रोसिओ कैसालुइसा राजधानी कीटोहून पोचली. केंद्राचे संगणक तीच सांभाळायची. तिच्याआधी तिचे वडील सांभाळायचे. ते मार्चमध्ये गेले.

केंद्रप्रमुख अल्बानने राखणदार सेगुंदोकडे बोट दाखवलं. "हाच संगणकाचा प्लग काढून मोबाईल चार्जिंगला लावतो. आज घरी पाठवतो याला."

"साहेब, माझा मोबाईल दोन दिवस पुरतो. मी तुमच्यासारखा दिवसभर सासूशी भांडत नाही," सेगुंदो म्हणाला. नजर मात्र खिडकीबाहेर होती. त्याची नातवंडं खाली गावातच होती.

"काका, यंत्र गोठलं त्या प्रत्येक वेळी डोंगर कसा होता?" रोसिओने विचारलं.

"आधी कितीतरी तास गप्प. गुरगुरतो तेव्हा यंत्र नीट चालतं, पोरी. गप्प झाला की मला धडकी भरते."

"शाळेची मुलं आली होती त्या दिवशी?"

"इथे धिंगाणा घातला. सगळी नोंद झाली."

"गोठल्यावर काय करता?"

"बंद करून चालू. लगेच उठतं."

"डिस्क बदलली?"

"छे. तुझ्या बापानं बसवलेलीच आहे."

रोसिओने ड्रायव्हरमधल्या, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या, बदलांची यादी उघडली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"प्लग कुणी काढला नाही," ती म्हणाली. "जमीन हलली तरच यंत्र डिस्कवर लिहितं. बराच वेळ काम नसलं की डिस्क वीज वाचवायला झोपते. ही जात गाढ झोपली तर उठतच नाही, आणि तिची वाट पाहत संगणक गोठतो. बनवणाऱ्यांचा दोष. म्हणून ड्रायव्हरमध्ये एक ओळ होती: या नावाची डिस्क दिसली, तर तिला गाढ झोपू द्यायचं नाही."

"होती म्हणजे?"

"तीन आठवड्यांपूर्वी काढली. शेजारी कारण लिहिलेलं नव्हतं. जुना कचरा वाटला."

"कुणाला? नाव सांग," अल्बान ओरडला.

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. ओळ लिहिणाऱ्याच्या जागी तिच्या वडिलांचं नाव होतं. काढणाऱ्याच्या जागी तिचं.

तिने ओळ परत घातली. या वेळी शेजारी कारण लिहिलं, खाली वडिलांचं नाव. संगणक पुन्हा सुरू केला.

मग तिघं वाट पाहत बसले. कितीतरी तास डोंगर गप्प. अल्बानने खुर्चीसुद्धा हलवली नाही.

शेवटी सेगुंदो उठला आणि त्याने जमिनीवर जोरात पाय आपटला.

पडद्यावर कंपनांची रेघ उसळली.