दोन मिनिटं दहा सेकंद

परवा रात्री वीज गेली आणि पोरं मामंजींना चिकटली. मी म्हटलं, भुताचं नको, धाकटी झोपेत दचकते. मामंजी म्हणाले, "भूत कुठंय सूनबाई, ही तर दुरुस्तीची गोष्ट. माझ्या दोस्ताच्या बाबतीत घडलेली." आणि सुरू झाले.

"याच्या खिशात कायम टेस्टर, म्हणून नावच टेस्टर पडलं. टीव्ही, रेडिओ, जुने व्हिडिओ गेम, समोर येईल ते उघडायचा. त्याच्याकडे एक शिवणकाम करणारी बाई गेम घेऊन आली. वीस वर्षांपूर्वीचा, सीडीवर चालणारा. तिचा नवरा त्यावर लेकीबरोबर खेळायचा. तो वर्षापूर्वी गेला. लेक नऊ वर्षांची.

बाई म्हणाली, 'दादा, हा बिघडलेला नाही. हळू आहे. बटण दाबल्यापासून खेळ यायला दोन मिनिटं दहा सेकंद लागतात. तेवढा वेळ पडदा काळा. आणि तेवढा वेळ माझी पोर त्या काळ्या पडद्याशी बोलत बसते. शाळेतलं सगळं सांगते. मला एक अक्षर सांगत नाही.'

'मग उचलून माळ्यावर टाका.'

'टाकला होता. दोन दिवस जेवली नाही. पटकन सुरू होईल असं करा. बोलायला वेळच उरायला नको.'

टेस्टरला हे काम म्हणजे हातचा मळ. सीडी फिरवणारा भागच त्याने काढून डब्यात टाकला. त्या जागी छोटं सर्किट बसवलं, खेळ मेमरी कार्डावर घेतला. आता फिरायलाच काही नाही. घड्याळ लावलं. आठ सेकंद.

दुसऱ्या दिवशी बाई परत. 'दोन मिनिटं दहा.'

दुकानात लावलं. आठ.

त्याने कार्ड बदललं. बाई परत. सगळ्या सांध्यांना पुन्हा डाग दिला. बाई परत. दुकानात आठच. तिसऱ्या खेपेला बाईने गेम टेबलावर आपटलाच. 'दादा, तुमच्याकडे घोड्यासारखा पळतो आणि माझ्या घरी लंगडतो. मला वेडी समजता का?'

'तुमच्या घरच्या विजेत खोट असेल.'

'त्याच विजेवर माझं शिलाई मशीन बरं चालतं.'

टेस्टरचं डोकं तापलं. रात्री धड झोप नाही, घरात बायकोवर चिडचिड. आणि चूक काय, तर गड्याने दर वेळी घड्याळ दुकानातच लावलं होतं. तिच्या घरी जाऊन एकदाही बघितलं नव्हतं."

धाकटी माझ्या कुशीत शिरली. मी मामंजींकडे डोळे वटारून बघितलं, पण अंधारात त्यांना काय दिसणार.

"गुरुवार. रात्रीचे नऊ वाजून दहा. टेस्टर तिच्या घरी गेला. एकच खोली. कोपऱ्यात शिलाई मशीन, समोर टीव्ही. पोर आधीच बसलेली. त्याने विजेचा दाब मोजला. बरोबर. वायरी तपासल्या. बरोबर. बटण दाबलं.

आठ सेकंद... गेले.

वीस.

मग आवाज आला. घर्र... टक. घर्र... टक.

सीडी फिरण्याचा.

तो भाग दुकानात होता. डब्यात.

पोर हळूच म्हणाली, 'आज गणितात सतरा मिळाले.' थांबली. हसली. 'वीसपैकी... नाही, रडले नाही.' पुन्हा थांबली.

फोनवर थांबतात तशी. पलीकडचा बोलून होईपर्यंत.

बाईच्या हातातलं कापड खाली पडलं. मग पडद्याकडे बघून म्हणाली, 'मीही इथंच असते. तिला सतरा मिळाले, हे मला कोण सांगणार?'

घर्र... थांबलं.

कोणी हललं नाही.

पोरीने मान वळवली. आईकडे बघितलं. नीट. खूप दिवसांनी.

'आई... एक गणित चुकलं. दाखवू?'

आणि पडदा उजळला.

त्या दिवसापासून तिच्या घरीही आठ सेकंद. टेस्टरने नंतर कशाला हातही लावला नाही. फक्त निघताना एक गोष्ट त्याने बघितली. तो गेम प्रत्येक खेळाची नोंद आपणहून ठेवतो. तारीख, वेळ, किती जण खेळले. त्या रात्री पोर एकटीच खेळली. आई शेजारी वही बघत होती, टेस्टर दारात उभा. नोंद मात्र होती... खेळाडू दोन.

आणि खेळायचा दुसरा रिमोट घरात नव्हताच. नवऱ्याला शेवटचा निरोप देताना पोरीने तो त्याच्या हातात ठेवला होता."