पाच कॅन पाणी

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली आहे आणि मामा थापा मारणाऱ्यातला नाही.

रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती, ऊन डोक्यावर होतं. जागा म्हणजे दगडाची खाण.

मामा तिथे डिझेल मिस्त्री. खाणीतला मोठा डोझर माझे बाबा चालवायचे, म्हणजे मामाचे दाजी.

इंजिन जास्त तापलं की डोझरच्या केबिनमध्ये बझर वाजतो. हा बझर कारण नसताना दिवसभर कोकलायचा. काम थांबायचं, मुकादम डोकं खायचा. शेवटी मामाने त्याची वायरच कापली. नवा सेन्सर आला की जोडू, असं ठरवलं.

बाबांना सांगायचं राहून गेलं.

चौथ्या दिवशी इंजिन खरंच तापलं. बझर गप्प. बाबांना वाटलं, बझर दुरुस्त झालाय, वाजत नाही म्हणजे इंजिन गार आहे; पाणी तेवढं बघून घेऊ. त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं...

उकळतं पाणी सरळ तोंडावर आलं.

बाबा नऊ दिवस दवाखान्यात होते. तोंडावर पट्ट्या. एक शब्द बोलता आला नाही. दहाव्या दिवशी गेले.

मामा रडला नाही. वायरचं कुणाला बोलला नाही. ताईला, म्हणजे माझ्या आईला, कोणत्या तोंडाने सांगणार? तो जेवायचा, कामावर जायचा, झोपायचा. बाकी त्याला काही वाटायचंच बंद झालं होतं.

महिन्याभराने डोझर पुन्हा कामाला लागला.

आणि रोज दुपारी सव्वादोनला, बाबा भाजले त्याच वेळेला, तापायला लागला...

"मिस्त्री, ह्याला रोजचा ताप आहे. औषध बदला आता," नवा ऑपरेटर हसायचा.

मामाने रेडिएटरची जाळी हवा मारून साफ केली. पंख्याचा पट्टा बदलला. पाण्याचा पंप खोलून पाहिला. सगळं ठणठणीत. पण चोराच्या मनात चांदणं. त्याला त्या मशीनकडे बघवत नव्हतं.

एका दुपारी तापमानाचा काटा चढल्यावर त्याने डोझर बंद करायला लावला. ऑपरेटर जेवायला गेला. किल्ली मामाच्या खिशात होती.

त्याने तासभर इंजिन थंड होऊ दिलं. झाकणावर फडकं धरून ते हळूच सैल केलं. वाफ आली नाही. मग उघडलं.

आत थेंब नव्हता. सकाळी त्यानेच काठोकाठ भरलं होतं.

त्याने वीस लिटरचा कॅन ओतला. मग दुसरा. तिसऱ्या कॅनला सगळं भरायला हवं होतं.

चौथा कॅन ओतताना आतून आवाज यायला लागला...

घट... घट... घट...

तहानलेला माणूस पितो, तसा.

मामाने खाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती. एवढं पाणी गेलं कुठे?

त्याने पाचवा कॅन ओतला. हात आपोआप चालत होते. भीतीसुद्धा वाटत नव्हती.

आवाज थांबला. पाणी झाकणाच्या तोंडाशी आलं.

आणि केबिनमध्ये बझर वाजला...

मामा वर चढला. वायरची दोन्ही टोकं तशीच लोंबत होती.

बझर वाजतच राहिला. मामा सीटजवळ उभा राहून म्हणाला, "दाजी, मीच कापली."

एकदम शांत झालं.

संध्याकाळी तो थेट आमच्या घरी आला. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिथेच होतो.

"ताई, बझरची वायर मी कापली होती."

आईने मान वर केली नाही. "माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"ह्यांनी."

"ताई, त्यांना बोलता कुठे येत होतं?"

"तेव्हा नाही रे. आज दुपारी आले होते." आईने बाबांचा शर्ट घडी करून बाजूला ठेवला. "पाणी देऊ का विचारलं. म्हणाले, आत्ताच पिऊन आलो."

मामा तिच्या समोर बसला. म्हणाला, "रागावले होते का गं?"

आईने पुढचा कपडा उचलला.

ह्याला सहा वर्षं झाली. मामा अजून दर वेळी तेच विचारतो. आई अजून उत्तर देत नाही. मी एकदा तिला एकटीला गाठून विचारलं, तर तिने माझ्या मागे, दाराकडे पाहिलं आणि "हळू बोल" म्हणाली.