रिसालीच्या वाटेवर बंद पडणारी पिकअप

मी शपथ घेणार नाही. शपथेला ज्यांची नावं लागतात ते देव आम्ही सोडले आहेत.

पण हे घडलं आहे. माझ्या डोळ्यांदेखत, शुद्धीत असताना, आणि तेही भर दुपारी. ज्यांना भुतं फक्त अमावस्येच्या रात्री हवी असतात त्यांनी पुढे वाचू नये.

साल १९५९. एप्रिल महिना. जागा भिलाई. रिसाली गावच्या विहिरीपासून नव्या क्वार्टरांच्या कामापर्यंत जाणारी मुरमाची वाट. मध्ये एक खदान लागते. रस्त्यासाठी मुरूम काढून काढून पडलेला मोठा खड्डा.

गाडी तिथेच बंद पडायची.

गाडी आमचीच. लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेल्या डिस्पोजलमधली जुनी पिकअप. शालूचे बाबा, म्हणजे माझे यजमान पुंडलिक, रेल्वेतली नोकरी सोडून या गाडीच्या मागे लागले होते. दुपारी विहिरीवरून पिंपं भरायची, क्वार्टरांच्या कामावर पाणी पोचवायचं. संध्याकाळी त्याच गाडीतून रेजांना, म्हणजे घमेली वाहणाऱ्या बायांना, कॅम्पात, आम्हा मजुरांच्या वस्तीत, आणून सोडायचं.

हे काम गेलं तर परत भंडाऱ्याकडचं गाव. छप्पन सालच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षा घेतली आणि गावातली मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. गावानं पाणी तोडलं. तेव्हा शालू माझ्या पोटात होती. माझी लेक त्या गावकुसाबाहेर वाढणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

म्हणून ती गाडी चालणं भाग होतं.

आणि ती चालत नव्हती.

विहिरीपाशी पुढचं हॅन्डल एकदा फिरवलं की सुरू व्हायची. गावातून गुरगुरत निघायची. खदानीपाशी आली की... बंद.

प्लग बदलले. पॉइंट बदलले. कॉइल बदलली. कार्बोरेटर तर यांनी इतक्यांदा उघडला की घरात जेवायला बसले तरी बोटांना पेट्रोलचा वास.

सुपेल्याच्या सरदारजी मिस्त्रीनं गाडी स्वतः चालवून पाहिली, सगळीकडे, त्या वाटेशिवाय. बोनेटवर हात ठेवून म्हणाला, "इंजन तो शेर है, पुंडलिकजी. बीमारी इंजन में नहीं है."

"मग कोणात आहे? माझ्यात?" हे उखडले.

"वो आप देखो जी."

गाडीवर चिंधू नावाचा हमाल होता. चाळिशीचा, अंगानं दणकट. एका दुपारी खदानीपाशी उतरला आणि पायी निघून गेला. हे त्याला घरी बोलवायला गेले तर दारातूनच म्हणाला, "मी येत नाई, भाऊ. मांग कोनी नसते... अन् पत्रा वाजते."

हे मला त्यातलं काही बोलले नव्हते. त्यांनाही ऐकू येत होतं. लाजेनं गप्प होते.

सल्ले द्यायला सगळा कॅम्प पुढे. लिंबू बांधा. कोंबडं कापा. नारळ तर फोडाच. सगळ्यात पुढे आमच्या सासूबाई, ठकूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

"एक नारळ फोडला तं काय आभाळ कोसळते का रे, पुंडलिका?"

"माय, ज्या हातानं प्रतिज्ञा घेतली त्याच हातानं नारळ फोडू?"

"तुह्या हातानं नको फोडू. माह्या हातानं फोडतो."

"तू बी तं प्रतिज्ञा घेतली होती!"

"मी मांगं बसली होती. मले अर्ध्याच आयकू आल्या."

हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्याच दिवशी कामावरच्या ओव्हरसियरनं यांना बजावलं होतं. "अब एक बार भी पानी लेट हुआ, तो बैलगाड़ी वालों को दे दूँगा."

दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले. चिंधू गेल्यामुळे हे पुढून हॅन्डल मारताना आत बसून ॲक्सिलरेटर दाबायला कुणी नव्हतं. शालू अंगावर पिणारी, तिला मागे ठेवता येईना. मांडीवर घेतली.

हेही सांगते की मी भित्री आहे. शालू झोपली तर तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघणारी आई आहे मी. पण भित्रं माणूस नीट बघतं. त्या दुपारी मी सगळं बघत होते.

ऊन पांढरं झालं होतं. पिंपं भरलेली, पाणी डुबडुबत होतं. गाव मागे पडलं. खदान दिसायला लागली.

आणि मागे...

धप्प.

पत्र्यावर तळहात मारल्यासारखा आवाज. एकच.

इंजिन बंद.

 त्या एका थापेचा अर्थ कॅम्पातल्या पोरांनाही ठाऊक होता. रेजांची रीतच तशी. मागे बसलेल्या बाईला उतरायचं असलं की ती पत्र्यावर एकदा मारते. चढून बसली की दोनदा. एक म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला.

मी मागच्या लहान खिडकीतून पाहिलं.

पिंपं. बाकी कुणी नाही.

हे उतरले, बोनेट उघडून इंजिनाला शिव्या देऊ लागले. तेवढ्यात गाडीच्या मागच्या कमानी, चाकांवरच्या स्प्रिंगा, करकरल्या. मागचं अंग किंचित वर आलं...

जसं कुणी उतरावं.

मग मुरमावर पावलं. अनवाणी. चर्र... चर्र... खदानीच्या काठाकडे.

"अहो," मी म्हटलं, "ऐकता का?"

बोनेटमागच्या शिव्या थांबल्या होत्या.

मग पावलंही थांबली. आणि माझ्या लक्षात आलं की दुसरंही काही ऐकू येत नाही. पोलाद कारखान्याच्या पायाभरणीचा तो घणाचा ठोका, दिवसरात्र चालणारा, ज्यानं आमच्या झोपेत ताल धरला होता... तो नव्हता. होला घुमत नव्हता. वारा नव्हता.

मग जे झालं ते बायकांना लगेच कळेल. पुरुषांनी विश्वास ठेवावा.

शालू पोट भरून गाढ झोपली होती. तिच्या तोंडातून चकार शब्द नाही. तरी मला पान्हा फुटला. चोळी भिजली, पदर भिजला. लेकरू भुकेनं रडलं की फुटतो तसा.

माझ्या कानांना काही ऐकू आलं नव्हतं.

पण कुठेतरी एक लेकरू रडत होतं, आणि ते माझ्या अंगाला ऐकू आलं होतं.

हे हॅन्डल मारत राहिले. घामानं निथळले. इंजिन खोकलंसुद्धा नाही. मी शालूला छातीशी धरून बसले. किती वेळ? एका बाजूला पाजून, खांद्यावर घेऊन, थोपटून, दुसऱ्या बाजूला पाजायला लागतो... तेवढा. तो वेळ मला मोजायला घड्याळ लागत नाही.

मग पावलं परत आली. कमानी करकरल्या. गाडी मागून दबली.

धप्प. धप्प.

यांनी हॅन्डलला नुसता हात लावला. इंजिन सुरू.

पाणी कसंबसं वेळेत पोचलं. ओव्हरसियर एका अर्धवट क्वार्टराच्या दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता.

संध्याकाळी रेजा गाडीत बसल्या. त्यांच्यात तुळसाबाई होती, इथलीच, छत्तीसगढची. वाट बांधली गेली तेव्हापासून कामावर. तिला मी विचारलं, खदानीच्या काठाशी पूर्वी काय होतं?

"महुआ के पेड़ रहिस, बाई. मोठं. आमी लइका, आपली लेकरं, तिथंच टांगत होतो, झोलीत." ती आमच्याशी बोलताना दोन्ही भाषा कालवायची.

"मग पाजायला?"

"मुंशी सुट्टी नाही देत होता. ठेकेदाराची गाडी त्या पेडाजवळून जायची. पत्रा ठोकत राहायच्या बायका... गाडी नाही थांबत होती."

"कोणती बाई होती? काय झालं तिचं?"

तुळसाबाईनं डोक्यावरची चुंबळ नीट केली. "कोणती म्हणून सांगू? कितनी तो थीं."

 त्यापुढचं मी अजूनही विचारते, ती अजूनही सांगत नाही.

रात्री घरात भांडण झालं. आत्याबाई म्हणाल्या, बाळंतीण मेलेली आहे, हिरवं लुगडं, नारळ, खण द्या, जाईल. यांनी ताट बाजूला सारलं. "गाडी विकतो. पन हे नाई करत."

"विकून कुठं जाता? गावाला?" मी म्हटलं.



मग मी बोलले. सासूसमोर इतकं एका दमात मी कधी बोलले नव्हते. "आत्याबाई, तिनं नारळ कुठं मागितला? लुगडं कुठं मागितलं? ती पत्रा ठोकून राहिली. थांबा म्हणून राहिली. इतकंच. देवाला द्यायचा तो निवद. मजुराला द्यायची ती सुट्टी. निवद मी देणार नाही. सुट्टी देते."

"भुताले सुट्टी?" आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "चार बुकं शिकली अन् येडी झाली बाई!"

"तिनं ठोकायच्या आधीच आपण थांबायचं," मी यांना म्हटलं. "इंजिन चालू ठेवून. मालकानं थांबवली म्हणजे गाडीला बंद पडायचं कारण काय?"

"अन् पानी?"

"विहिरीवर लवकर जाऊ. तिचा वेळ धरून निघू."

यांनी बाजूला सारलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाले, "उद्या तू बी चाल संगं."

दुसऱ्या दिवशी आत्याबाईही हट्टानं गाडीत चढल्या. पदराखाली गोल काहीतरी होतं. मला कळलं. यांनाही कळलं. 

खदान दिसली. हे गाडी हळू करत होते.  काठाशी आणून यांनी ब्रेक दाबला. इंजिन चालूच.

मी खिडकीतून मान बाहेर काढून म्हटलं.  "बाई, उतर. पाजून ये. आम्ही थांबलोय. कोणाच्या बापाला भ्यायचं नाही."

काहीच नाही...

इंजिनाची धडधड.

मग कमानी करकरल्या.

आत्याबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. पावलं गेली. घणाचा ठोका विरला. मला पान्हा फुटला. शालू झोपेत हसली.

आत्याबाई पुटपुटू लागल्या. पदराखाली हात गेला. यांनी पुढे बघतच म्हटलं, "माय. नाई."

"अरे पन..."

"नाई म्हनलं ना."

इंजिन चालूच होतं. एकदाही अडखळलं नाही. दुसऱ्याच्या लेकराचं पोट भरायची वाट बघत आम्ही तिघं बसून राहिलो.

कमानी दबल्या.

धप्प. धप्प.

हे मोठ्यानं ओरडले, "चला!" आणि गिअर टाकला. हसत होते का रडत होते, सांगता येत नाही. त्या दिवशी पाणी वेळेच्या आधी पोचलं. नारळाची रात्री चटणी झाली. आत्याबाईंनीच वाटली, वर म्हणाल्या, "खोबरं जून निंगालं."

त्यानंतर गाडी बंद पडली नाही. एकदाही नाही. पावसाळा आला, वाट चिखल झाली, तरी आम्ही थांबत होतो. ओव्हरसियरला सुगावा लागला. "बीच रास्ते में गाड़ी क्यों खड़ी करते हो?"

यांनी सरळ सांगितलं, "लेबर का टाइम है, साहब." पाणी वेळेत होतं. 

दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर बाजूनं जाताना ओरडतात, "क्यों भाभी, फिर बंद पड़ गई?"

"बंद नाही पडली," मी ओरडून सांगते. "आम्ही थांबवली!"

इथं ही गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसले नसते.

थंडी सुरू झाल्यावर एका दुपारी आम्ही नेहमीसारखे थांबलो. कमानी करकरल्या. पावलं गेली. आम्ही वाट बघत बसलो.

पावलं आली नाहीत.

"निघू?" यांनी विचारलं.

"थांबा."

सावल्या लांबल्या. "अवं, सायेब पान्याचं काम बंद करंल."

"थांबा म्हटलं ना."

शेवटी निघालो. दोन थापांशिवाय. इंजिन विनातक्रार चाललं. मागून गाडी हलकी वाटत होती.

तेव्हापासून ती आलेली नाही. उतरतही नाही, चढतही नाही. हे म्हणतात, बरं झालं, लेकराजवळ राहिली असेल. आत्याबाई म्हणतात, सुटली बिचारी. आम्ही अजून रोज थांबतो. एक दिवस आली नाही म्हणून कुणाची सुट्टी कापत नसतात, हे मीच यांना सांगितलं.

पण एक गोष्ट मी यांना सांगितलेली नाही.

ती जर लेकराजवळ राहिली असेल, तर ते आता भुकेलं नसायला हवं. शालूचं अंगावरचं पिणं सुटून महिना झाला. माझं दूध आटलं आहे. घरी थेंब येत नाही.

खदानीपाशी गाडी थांबते. घणाचा ठोका विरतो...

आणि माझी चोळी भिजते.

हे विचारतात, "निघू?" मी "चला" म्हणते. रोज म्हणते.

पण ते म्हणायला मला रोज थोडा जास्त वेळ लागतो आहे.