आठ दिवस फोडू नये

“हे मी उचलणार नाही,” टेम्पोवाला खालीसुद्धा न उतरता म्हणाला.

दातांची डॉक्टर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चार दिवस घरात तोडफोड चालू होती, अंगणात ढीग साचला होता, आणि रविवारी बाबा मावशीकडून परतायचे होते. स्वयंपाकघर नवं करायला त्यांनी आई गेल्यावर तीन वर्षांनी होकार दिला होता, तोही एका अटीवर – बाकी काहीही फोड, आईच्या ओट्याचा दगड तेवढा सांभाळ. तिने गवंड्याला तसं बजावलं होतं. त्याने मान डोलावली होती, आणि त्या मानेवर ती निर्धास्त होती.

“राडारोडा नेणं हेच तुमचं काम ना?”

“निवडलेला नेतो. तुम्ही विटांत पीओपी, पीओपीत वायरी, वर रंगाचे डबे… सगळं एकात एक कालवलंय. अशा विटांची भुकटी कशालाच लागत नाही. आणि गोण्या गळ्यापर्यंत भरल्यात. अर्धी भरायची असते, कुणाच्या तरी पाठीवर चढते ती.”

हे शेवटचं तिला लागलं. चूक होती आणि ती तिचीच होती.

“मग शिकवा,” ती म्हणाली.

आता मात्र तो उतरला. दुपारभर दोघं ढिगाशी झटले. तो फरशीवर टिचकी मारून कान द्यायचा – खणखणीत ती इकडे, बद्द ती तिकडे.

“मीही दातांवर असंच वाजवून बघते,” ती म्हणाली.

“मग माझे बघाल कधी?”

“आधी हसून तरी दाखवा.”

तो हसला. दात चांगले होते, आणि डॉक्टर उगाचच खिळे वेचायला लागली.

संध्याकाळी टेम्पो गेला आणि बाबांचा फोन आला. “दगड नीट ठेवलास ना?”

तिने माळा पाहिला, मागची खोली पाहिली. दगड कुठेच नव्हता. म्हणजे तो राडारोड्याबरोबर टेम्पोतूनच गेला होता. रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

सकाळी ती त्याच्या वखारीवर पोचली, तेव्हा खडी करायचं यंत्र धडधडत होतं. “दगड… काळा…” ती धापा टाकत म्हणाली.

त्याने यंत्र बंद केलं. “घाबरू नका. आलेला माल मी आठ दिवस फोडत नाही. लोकांना उशिरा आठवतं.”

दगड भिंतीला टेकून उभा होता, दोन तुकड्यांत. वर खडूने लिहिलं होतं : ‘डॉक्टरांचा – फोडू नये.’

“भंगला तो तुमच्या गवंड्याच्या हातून. पण हा कोपरा बघा, झिजून खोलगट झालाय. हाताने झिजलेला दगड मी विचारल्याशिवाय फोडत नाही.”

आई तिथेच लसूण ठेचायची. डॉक्टर भर वखारीत रडली, आणि त्याने तिच्याकडे न बघता तुकडे एकमेकांशेजारी लावले. “खिडकीत बसवू. सांधा झाकायचा नाही. दिसू दे.”

शनिवारी त्याने स्वतः येऊन बसवला. रविवारी बाबा आले, नव्या ओट्याकडे ढुंकूनही न बघता खिडकीशी गेले आणि बोटांनी तो खोलगट कोपरा शोधला. बराच वेळ हात तिथेच होता.

“उजेडात आणलीस तिला,” ते म्हणाले. “चहा टाक.”

डॉक्टरला वाटलं, आपण गड जिंकला.

आठव्या दिवशी ती पुन्हा वखारीवर गेली. तो दारातच होता, आणि शर्ट चक्क इस्त्रीचा होता.

“काही राहिलं का?” त्याने विचारलं. “आज शेवटचा दिवस. तुमचं इथे आता काहीच नाही…”

“आहे.”

“कुठे?”

तिने त्याच्या कानामागचा खडू काढून घेतला आणि शर्टाच्या खिशावर, अगदी सावकाश लिहिलं : ‘डॉक्टरांचा – फोडू नये.’

तो खाली मान घालून वाचत राहिला. कान लाल झाले होते. “नियम माहीत आहे ना? आठ दिवसांनी मी खूण पुसतो.”

“पुसा,” ती म्हणाली. “दर आठ दिवसांनी येऊन लिहीन.”